चांदीवरचं नाव कुणी पुसलं?

चांदीच्या वस्तूवर सहा अक्षरांचा एक कोड लेझरने उमटवायचा आणि तेवढ्यावर हॉलमार्किंग आधुनिक झालं म्हणून टाळ्या पिटायच्या, या प्रकाराला माझा विरोध आहे. कोडला विरोध नाही. कोड येताना धातूवरून जे गायब झालं, त्यासाठी ही बोंब आहे. पण त्यासाठी आधी जुन्या चांदीवरचे छाप कसे वाचतात ते थोडं सांगावं लागेल. कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा, शिव्या तिथे आहेत. :)

जुन्या इंग्लिश चांदीचा एखादा चहाचा चमचा उलटा करून बघा. दांड्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच ठसे दिसतील. उजवा पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासलेली, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. राजाचं किंवा राणीचं मुंडकं म्हणजे कर भरलेला. हा ठसा १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारत. एका चौकटीत एक सुटं अक्षर, ते वर्षाचं. आणि शेवटी दोन-तीन आद्याक्षरं, ती वस्तू तपासायला पाठवणाऱ्या कारागिराची किंवा पेढीची.

यातली खरी गंमत वर्षाच्या अक्षरात आहे. लंडनवाले जे वगळून ए ते यू अशी वीस अक्षरं वापरायचे, आणि वीस वर्षं संपली की वळण बदलून पुन्हा ए. त्यामुळे नुसतं 'डी' दिसलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत. गॉथिक वळणाचा मोठा डी असेल तर १८३९, गॉथिक छोटा असेल तर १८५९, साधा रोमन मोठा म्हणजे १८७९ आणि साधा छोटा म्हणजे १८९९. त्यात अक्षर बदलायचं मे महिन्यात, म्हणजे १८७९ चा डी १८८० च्या मेपर्यंत चालायचा. (आर्थिक वर्षाने ग्रासलेल्या आपल्यासारख्यांना यात काही नवल वाटू नये.) अक्षर झिजलं असेल तर चौकटीचा आकार बघायचा, राणीचं मुंडकं आहे का बघायचं, बिबट्याच्या डोक्यावर मुकुट आहे का बघायचं. लंडनच्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये काढला. एक ठसा पुसला तर बाकीचे तीन-चार मिळून त्याची जागा भरून काढतात. आपल्या धंद्यात याला रिडंडन्सी म्हणतात आणि त्यासाठी क्लायंटकडून वेगळे पैसे घेतात.

आणि हे सगळं वाचायला लागतं काय? एक भिंग आणि खिशात मावणारं ब्रॅडबरीचं पुस्तक. ते पहिल्यांदा १९२७ मध्ये निघालं. नेटवर्क नको, लॉगिन नको, ओटीपी नको.

आता हे अक्षर आलं कुठून ते बघा, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. इंग्लंडात १३०० च्या कायद्याने बिबट्याचं तोंड आलं. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने आपली खूण मारायची असं ठरलं. आणि १४७८ मध्ये वर्षाचं अक्षर आलं. वस्तू लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नेऊन तपासायची, म्हणून हॉलमार्क. ते अक्षर पुढे कुणी वस्तूचं वय ओळखावं म्हणून नव्हतं हो! हॉलमध्ये टंच बघणारा अधिकारी असायचा, तो ठरावीक मुदतीने बदलायचा. उद्या एखादा पेला कमी कसाचा निघाला तर तो कोणाच्या कारकिर्दीत पास झाला, ते कळावं म्हणून ते अक्षर. थोडक्यात, पाचशे वर्षांपूर्वीचं गिट ब्लेम. कारागिराच्या खुणेचंही तेच. तिला आपण सर्रास 'मेकर्स मार्क' म्हणतो, पण हातोडी कोणी मारली हे ती सांगत नाही. जबाबदार कोण, एवढंच सांगते. हेस्टर बेटमन या बाईंनी १७६१ मध्ये 'एच बी' ही खूण नोंदवली. ती खूण असलेली प्रत्येक वस्तू बाईंनी स्वतः घडवली असं नव्हे. त्यांच्या कारखान्याने घडवली आणि त्यासाठी उत्तर द्यायला त्या बांधील, इतकाच त्याचा अर्थ.

इंग्रज फार सरळ होते असं मात्र समजू नका. चांदीवर कर होता तेव्हा लहानशा वस्तूवर ठसे मारून घ्यायचे, तेवढा तुकडा कापायचा आणि मोठ्या वस्तूच्या बुडाला डाक देऊन बसवायचा, हे उद्योग लंडनच्या नामांकित कारागिरांनीसुद्धा केलेत. अठराव्या शतकाच्या मध्यात खोट्या ठशांसाठी फाशीची तरतूद करावी लागली, यावरून काय ते समजा. तेव्हा ठसा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण लबाडी करायची तर ती धातूवर करावी लागायची, आणि धातूवरची लबाडी दोनशे वर्षांनीही पकडता येते. बुडावर तोंडातून वाफ सोडली की डाकेची रेघ दिसते. आणि विक्टोरियन म्हणून विकायला ठेवलेल्या, इंग्लंडातच घडवलेल्या वस्तूवर नुसताच '९२५' आकडा असेल आणि सिंहाचा पत्ता नसेल, तर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळावं. (बर्मिंगहॅमला ऑनसाइट असताना माझे बरेचसे वीकांत अशा नमस्कारांत गेले.)

आता आपल्याकडे. आपल्याकडे कारागिरी होती, खूण नव्हती. सन्मान्य अपवाद आहेत. कच्छमधल्या भूजच्या उमरसी मावजींच्या चांदीवर 'ओ. एम.' आणि 'भूज' अशी अक्षरं असायची, म्हणून आज जगभरच्या लिलावांत त्यांचं काम नावानिशी ओळखलं जातं. बाकी आपल्या आज्यापणज्यांच्या अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, करंडे, पंचपात्र्या घडवणारे हात कोणाचे, कोणत्या गावचे, हे त्या वस्तू सांगत नाहीत. आणि गंमत म्हणजे भांड्यावर नाव घालायची हौस आपल्याइतकी जगात कुणाला नसेल! मुंजीत मिळालेल्या फुलपात्रावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख, निमित्त, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. नाव नाही ते फक्त घडवणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं.

याची किंमत काय, तर सगळं वजनावर जातं. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हा घरोघरी जुनं काढून मोडीत घालायची लाटच आली. माझ्या मावशीने सहा चमचे दिले. सासऱ्यांना रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाने जाताना दिलेले. पेढीवरच्या शेटजींनी ते उलटे करूनसुद्धा बघितले नाहीत. "बाहेरची चांदी आहे ताई, भेसळ असते," म्हणत घट धरली आणि तराजूत टाकले. मावशीने मोडायच्या आधी काढलेला फोटो मी नंतर मोठा करून बघितला: सिंह, बिनमुकुटाचा बिबट्या, राणीचं मुंडकं, साधा रोमन मोठा डी. ९२५ चा कस धातूवर लिहिलेला होता, वर्षासकट! वाचता येणारा माणूस तिथे नव्हता, किंवा वाचायची त्याला गरज नव्हती. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

म्हणजे आपल्याला हॉलमार्किंगची गरज होतीच. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सोन्याचं आणि २००५ मध्ये चांदीचं हॉलमार्किंग सुरू केलं. सुरुवातीची सोन्याची पद्धत आठवते का? पाच खुणा: ब्यूरोचा त्रिकोण, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर. २००० साठी ए, २००१ साठी बी. १४७८ चीच कल्पना, आणि उत्तम कल्पना. पण २०१७ पासून वर्षाचं अक्षर काढून टाकलं. मग २०२१ मध्ये सहा अक्षरी एचयूआयडी आला आणि सराफाची व केंद्राची खूणही गेली. राहिलं काय? त्रिकोण, शुद्धता, कोड. चांदीसाठी हाच कोड १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला, ऐच्छिक म्हणून. तिथेही खुणा तीनच: ब्यूरोचं चिन्ह आणि 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धता, कोड.

कोडचे फायदे मला मान्य आहेत, उगाच नाकारणार नाही. ॲपमध्ये टाकला की सराफाची नोंदणी, केंद्र, तारीख, वस्तूचा प्रकार सगळं समोर येतं. बांगडी हातात आणि ॲप म्हणतंय अंगठी, तर चोरी जागेवर पकडली. सिंहाला हे कधीच जमलं नसतं. पण आपण आयटीवाले आहोत ना? मग हे कळायला हवं की तो कोड म्हणजे माहिती नव्हे, माहितीचा पत्ता आहे. पॉइंटर. ज्या टेबलाकडे तो बोट दाखवतो ते टेबल असेपर्यंतच त्याला अर्थ. तुमच्यापैकी किती जणांनी आजवर सुखरूप मायग्रेशन बघितलंय? दहा वर्षांपूर्वीची किती सरकारी पानं आज त्याच लिंकवर उघडतात? आणि चांदीचं ताट दहा वर्षांसाठी घेत नाहीत. ते नातसुनेपर्यंत जातं.

"सरकारी डेटाबेस असा कसा हरवेल?" असं विचारणाऱ्यांसाठी लंडनचीच गोष्ट. कारागिरांच्या खुणा नोंदवलेल्या गोल्डस्मिथ्स हॉलच्या वह्यांपैकी मोठं काम करणाऱ्यांची, साधारण १७५८ ते १७७३ या काळातली वही गायब आहे. १७७३ मध्ये संसदेच्या समितीने चौकशीसाठी मागवली होती, तेव्हाच ती गेली असं मानतात. खुद्द संसदेने मागवलेली वही! त्यामुळे त्या पंधरा वर्षांतली कित्येक आद्याक्षरं कोणाची, यावर जाणकार आजही अंदाज बांधतात. पण बारकाईने बघा, नुकसान झालं ते फक्त नावाचं. कस, शहर आणि वर्ष चमच्यावरच होतं, ते तसंच राहिलं. आपल्याकडे तीच वही गेली तर ताटावर शुद्धतेचा आकडा आणि सहा निरर्थक अक्षरं उरतील. आणि लेझरची ती नाजूक अक्षरं, दर दिवाळीला दंतमंजनाने घासून! इंग्लंडनेही १९९९ पासून वर्षाचं अक्षर ऐच्छिक केलं, हे मला ठाऊक आहे. पण पाठवणाऱ्याची आणि तपासणी केंद्राची खूण तिथे आजही सक्तीची आहे. आपण मात्र तिन्ही काढल्या.

जागा पुरत नाही, हे एक ठरलेलं उत्तर असतं. कानातल्यांसाठी असेल बुवा खरं. ताट, वाटी, तांब्या, निरांजन, लक्ष्मीची मूर्ती यांवर जागा पुरत नाही? चमच्याच्या दांड्यावर पाच ठसे मावत होते, तेही हाताने ठोकून. दुसरं उत्तर म्हणजे सराफाचं नाव ॲपमध्ये दिसतंच की. दिसतं, पण विचारणाऱ्यालाच दिसतं, आणि ॲप चालू असेपर्यंतच दिसतं. धातूवर असेल तर ते गिऱ्हाइकाच्या घरी, सुनेच्या हातात, मोडीत काढायला बसलेल्या दुसऱ्या सराफासमोरही दिसेल. मोठ्या ब्रँडवाले हौसेने आपला लोगो उमटवतातच. सक्ती हवी ती बाकीच्यांसाठी.

माझी मागणी एवढीच. कोड ठेवा, आणि जिथे जागा आहे तिथे त्याच्या शेजारी सराफाची खूण, केंद्राची खूण आणि वर्षाचं एक अक्षर परत आणा. त्या अक्षरांचे तक्ते छापून ग्रंथालयांत ठेवा. आणि चांदीचं हॉलमार्किंग जिथे ऐच्छिक आहे तिथे ते ग्राहकाच्या इच्छेवर सोडा, दुकानदाराच्या नको. तोवर पाडव्याला भांडं घ्याल तेव्हा कच्च्या पावतीवर समाधान मानू नका. पक्क्या बिलावर वजन, शुद्धता आणि कोड लिहून मागा, आणि दुकानदार नाही म्हणाला तर खुशाल दुसऱ्या दुकानात जा. मग भांड्यावर नाव घालणाऱ्याकडे गेलात की मुंज, तारीख आणि मामा-मामींच्या खाली आणखी एक ओळ घालून घ्या: पेढीचं नाव आणि गाव.