रझाकारात पेरणी झाली होती का?



दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, जालन्यात स्मृतिस्तंभापुढे झेंडावंदन होतं. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर ही नावं घेतली जातात, घेतलीच पाहिजेत. पण ज्यांनी बंदूक उचलली नाही की सत्याग्रह केला नाही, नुसते ऑगस्ट 1947 ते सप्टेंबर 1948 हे निजामी राजवटीतले तेरा महिने काढले, त्यांच्या वाट्याला भाषणातलं एकच वाक्य येतं: ‘जनतेवर अनन्वित अत्याचार झाले.’ जणू जनता हात बांधून बसली होती.

आमची आजी जाफराबाद तालुक्यातली. ‘रझाकारात’, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धामधुमीत, म्हणून ती जे सांगायची, त्यात एकेक गोष्ट हिशेबाची असे. ज्वारीचं पेव कुठं आहे, हे घरच्या पोरांनाही कळू द्यायचं नाही. चूल दिवस मावळायच्या आत विझवायची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवायच्या. लेकी-सुना वऱ्हाडात, देऊळगाव राजा-चिखलीकडच्या सोयऱ्यांकडे धाडायच्या. (कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच, इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिलेलं!) तरी तिकडं निजामाचा हाली सिक्का चालेना. 7 हाली मोजावे तेव्हा 6 कलदार (इंग्रजी रुपये) हाती यायचे.

मुक्तिलढ्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पातली माणसं रात्री निजामाचा करोडगिरी (जकात) नाका जाळून जात. त्यांचं धाडस खरंच. पण सकाळी जाब गावाला द्यावा लागे. त्यांना भाकरी दिली तर रझाकारांचा रोष, नाही दिली तर फितुरीचा डाग. हा पेच कुठल्याच भाषणात येत नाही.

आणि 15 सप्टेंबर 1948ला हिंदी फौजेची गोरखा तुकडी जालन्यात आल्यावर भीतीनं घर बदललं. भारत सरकारनं धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्यानंतरच्या हिंसेतल्या हैदराबाद संस्थानभरातल्या बळींचा अंदाज 27 ते 40 हजार केला होता. त्यात बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याला बसली. आपला जालना त्यात नव्हता, एवढंच. आमचं पेव ज्यांच्या परड्यात होतं, त्या चाचांचं बिऱ्हाड मग आठ दिवस आमच्या गोठ्यात राहिलं. हे सांगताना आजी आवाज खाली आणायची. तेव्हा नव्हे, 1990 साली.

हे पाहिलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेचं एक हिवाळी शिबिर त्यांच्या ओसरीवर घ्यावं. झाडू नको, मोबाइल पुरे. आणि पोरांनी हुतात्मे कोण ते विचारू नये, ती यादी छापलेली आहे. त्या साली पेरणी झाली का, बियाणं कुठं दडवलं, नि ते कुणाला ठाऊक होतं, एवढं विचारावं.

— एक वाचक, जाफराबाद (जि. जालना)