काळजीची धास्ती नको

आमच्या सीमाभागात आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो : "काळजी करू नगासा मामा, काळजीनं माणूस खचतंय." चिंता ही चितेसारखी जाळते, हे तर लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. अलीकडे "टेन्शन घेऊ नको, अटॅक येईल" या नव्या वाक्याची त्यात भर पडली आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, या सदिच्छेने पुष्कळांचे नुकसान होत आहे.

काळजी नाही असा शेतकरी कोठे आहे? ऊस कारखान्याला गेला तरी बिल हाती पडेपर्यंत जीव टांगणीला असतो. तंबाखू पिकवावा आपण आणि दर ठरवावा व्यापाऱ्याने, ही निपाणी भागाची जुनी व्यथा. त्यासाठी १९८१ साली येथे मोठे आंदोलन झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासून वेदगंगा-दूधगंगेच्या काठी पावसाची रात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. अशा रात्री झोप मोडते, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. ही झाली पहिली भीती. तिला कारण आहे.

पण तेवढ्यात ते वाक्य आठवते आणि मनात येते, "या काळजीनंच माझं काळीज बंद पडणार." ही दुसरी भीती. पहिली भीती पुराची, कर्जाची. दुसरी त्या भीतीचीच. दुसरीमुळे धडधड वाढते आणि वाढलेली धडधड पाहून भीती आणखी वाढते. घाण्याच्या बैलासारखा माणूस त्याच रिंगणात फिरत राहतो.

यासाठी शरीराचे काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्याने हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायूंना रक्त अधिक मिळते. बांधावर साप दिसला तर पळता यावे म्हणून देवाने केलेली ही सोय आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणाऱ्या माणसाचे हृदयही असेच धडधडत असते. त्याला त्याची भीती वाटत नाही, कारण धडधडीचे कारण त्याला ठाऊक असते. अंथरुणावर पडल्या पडल्या तीच धडधड झाली की कारण दिसत नाही, म्हणून माणूस घाबरतो. निरोगी हृदयाला हा भार पेलवतो. अशी लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते.

ही गोष्ट दुबळ्या मनाच्या माणसांचीच आहे, असे कोणी समजू नये. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे फौजी माणसे आपल्याला परकी नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धात छातीत धडधड व दुखणे सांगणारे पुष्कळ सैनिक डॉ. दा कोस्टा यांनी तपासले आणि १८७१ साली त्यांवर लेख लिहिला. या तक्रारीला पुढे 'सैनिकाचे हृदय' असेच नाव पडले. ऑस्ट्रेलियातील क्लेअर वीक्स या बाईंना तरुणपणी क्षय असल्याचे चुकून सांगण्यात आले आणि त्या धसक्याने त्यांची छाती सतत धडधडू लागली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की, खंदकात आमचेही असेच होत असे. तुम्ही भीतीलाच भीत आहात. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या उपदेशाचे सार असे : सामोरे जा, स्वीकारा, अंग सैल सोडा आणि वेळ जाऊ द्या. नदीत हातपाय झाडणारा दमून बुडतो आणि अंग सैल सोडणारा तरंगतो, हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे.

तर मग काळजीने शरीराचे काहीच बिघडत नाही काय? तसेही म्हणता येणार नाही. २००४ साली ५२ देशांतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत हृदयविकाराच्या झटक्याशी संबंधित नऊ गोष्टी आढळल्या. मानसिक ताण त्यांपैकी एक होता. बाकीच्या आठ अशा : धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, दारू, भाजी-फळांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव. यांतील बहुतेकांवर आपला काही ना काही ताबा चालतो. पुष्कळदा काळजी नुकसान करते ती याच वाटांनी : माणूस बिडी वाढवतो, गुत्त्यावर जातो, बी. पी. ची गोळी विसरतो. काळजीने छाती बिघडेल म्हणून बिडी पेटवणे म्हणजे गंजीला आग लागेल या भीतीने गंजीशेजारीच शेकोटी करण्यासारखे आहे. तंबाखूवर पोट असलेल्या गावात हे लिहिणे सोपे नाही, पण खरे ते लिहिलेच पाहिजे.

दुसरेही एक सांगू. छातीतली प्रत्येक धडधड काळजीचीच असते असे नाही. ओल्या तंबाखूच्या पानांतील निकोटीन कातडीतून अंगात भिनते. दवाने किंवा पावसाने भिजलेली पाने हाताळताना अधिकच. त्याने मळमळ, चक्कर व धडधड होते. बायकांमध्ये रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, फवारणीचे औषध अंगावर येणे, ही कारणेही असतात. सबब, एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. निर्वाळा मिळाल्यावर मात्र तो मानावा. दर पंधरा दिवसांनी नव्या दवाखान्यात नवी पट्टी काढण्यात पैसा जातो आणि धास्ती तशीच राहते.

या धास्तीचा सर्वांत मोठा तोटा आम्हांला घराघरांतून दिसतो. "दादांना सांगू नका, त्यांना सोसणार नाही," म्हणून बँकेची नोटीस लपवली जाते, उसाच्या बिलातील कपात लपवली जाते. घरातले ओझे एकटी बाई वाहते आणि तिच्या जिवाची चौकशी कोणी करीत नाही. इकडे दादांना सर्वांचे चेहरे दिसतच असतात. ठाऊक असलेल्या कर्जापेक्षा न सांगितलेले कर्ज मोठे वाटते. आमचे सांगणे असे की, लपवू नका. दिवसा, जेवण झाल्यावर, कागद पुढे ठेवून शांतपणे सांगा. वाईट बातमी ऐकून माणूस रडेल, एक रात्र जागेल. पण तो घराच्या कारभारातून बाद होणार नाही.

आपल्या ख्रिस्ती घरांत या भीतीला आणखी एक जोड मिळते. उद्याची चिंता करू नका, असे प्रभूने सांगितले आहे; मग चिंता वाटणे हे पापच, असे काहींना वाटते. म्हणजे आजार तो आजार, आणि वर पाप! पण गेथशेमनी बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला, असे संत लूक लिहितो. त्याने आपली व्यथा पित्यापाशी आणि शिष्यांपाशी बोलून दाखवली. व्याकूळ होणे पाप असते तर हा प्रसंग शुभवर्तमानात आला नसता. पाखरांची आणि रानफुलांची गोष्ट सांगून प्रभू आपल्याला धीर देतो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. संत फ्रान्सिस द सेल्स यांनीही १६०९ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, जाळ्यात सापडलेले पाखरू जितके फडफडते तितके अधिक गुंतते.

तेव्हा वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. धडधड सुरू झाली की "ही माझ्या शरीराची नेहमीची रीत आहे, ओसरेल" असे स्वतःला सांगावे. ती थांबवण्याची धडपड करू नये.

२. भराभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येतात व डोके हलके होते. श्वास सावकाश सोडावा. घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा.

३. हातातले काम सोडू नये. गुरांना वैरण घालावी, पाणी पाजावे, बांधावरून फेरी मारावी.

४. ओला तंबाखू हाताळताना हातमोजे व अंगभर कपडे घालावेत. काम संपताच साबणाने हात धुवावेत.

५. छातीवर दाब येऊन तो हात, जबडा वा पाठीकडे जात असेल, दम लागून दरदरून घाम येत असेल, तर काळजी की हृदय याचा निवाडा घरी करू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा.

६. झोप व भूक काही आठवडे उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे मनात येत असेल, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे व रात्रंदिवस चालते.

आणि यापुढे आजाऱ्याच्या उशाशी बसलात तर "काळजी करू नगासा" एवढे म्हणून उठू नका. "कशाची काळजी वाटते, सांगा की मामा," असे विचारा आणि थोडा वेळ बसून ऐका. पाऊस आणि दर आपल्या हाती नाहीत, तोवर काळजी येणारच. तिने आपण मरणार, ही धास्ती मात्र आपण एकमेकांना दिलेली आहे. ती आपल्यालाच काढून घेता येईल.