विश्लेषण : यकृतातल्या गाठीचे मूळ मटणाच्या दुकानामागे?

दुसऱ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली आणि यकृतात पाण्याची गाठ दिसली, असे अनेकांबाबत घडते. ही हायडॅटिड गाठ असू शकते. ती वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढते.

संसर्ग कसा होतो?

‘एकायनोकॉकस’ हा जेमतेम काही मिलिमीटरचा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी माती, भाजी किंवा हातांवाटे माणसाच्या पोटात जातात, चरताना शेळ्या-मेंढ्यांच्याही. मटण खाल्ल्याने हा आजार होत नाही. पण गाठी असलेली कच्ची कलेजी कुत्र्याने खाल्ली, की चक्र पुन्हा सुरू होते.

उपचार काय?

गाठीची अवस्था पाहून अल्बेंडाझोलच्या गोळ्या, सुईने द्रव काढणे किंवा शस्त्रक्रिया. गाठ फुटल्यास जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

मग रोखायचे कुठे?

एकोणिसाव्या शतकात आइसलँड या आजाराने त्रस्त होते. १८६० च्या दशकापासून लोकशिक्षण आणि कुत्र्यांवरील नियंत्रण यांच्या जोरावर तिथून तो हद्दपार झाला.

आपल्याकडे मात्र ‘हात धुवा’ एवढ्यावर सल्ला संपतो. हात धुवायलाच हवेत. पण मटणाच्या दुकानामागे फेकलेल्या अवयवांचे काय? त्यांची विल्हेवाट लावणे आणि कुत्र्यांना नियमित प्राझिक्वांटेल देणे, ही कामे एकट्या नागरिकाची नाहीत. पालिका, ग्रामपंचायत आणि पशुसंवर्धन विभागाने ती केली, तर कित्येकांची शस्त्रक्रिया टळेल.