मोटारदुरुस्तीचे न उलगडणारे बिल

सकाळी मोटार सर्व्हिसिंगला सोपवताना सहा हजारांचा खर्च सांगितलेला असतो. दुपारी दूरध्वनी येतो. ब्रेक पॅड झिजले आहेत, थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल, एसीला वास येतो आहे. गाडी उघडलेलीच आहे, करून टाकायचे का? कामात गुंतलेला मालक होकार देतो आणि संध्याकाळी बिल चौदा हजारांवर गेलेले असते. पुण्या-मुंबईत हा अनुभव इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात कुणाला फसवणूक दिसत नाही. दर वेळी ती असतेच असेही नाही. मात्र ती आहे की नाही, हे ठरविण्याचे साधनच मालकाच्या हाती नसते.

हे साधन त्याच्या हाती येऊ नये अशीच व्यवस्था असल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये दाखवून दिले होते. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे, दोष शोधण्याची उपकरणे व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना न पुरविणे, बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द करण्याची अट घालणे, असे ठपके त्यात होते. गाडी एकदा घेतली, की तिच्या सुट्या भागांपुरती तिची कंपनीच मक्तेदार होते, हा त्या निकालाचा गाभा. पुढे प्रकरण अपिलात गेले. अपील लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांबाबतचे निष्कर्ष उचलून धरले, पण दंड एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. मोटारींचा त्यात समावेश आहे. पण संकेतस्थळ माहिती देते, बंधन घालत नाही.

त्यामुळे लढाई पुन्हा बिलावरच येऊन ठेपते. पाकीटबंद सुट्या भागावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. बिलात मूळ किंमत व कर वेगळे दाखवलेले असतात. दोहोंची बेरीज पाकिटावरील किमतीहून जास्त भरली, तर जाब विचारायला जागा आहे. अडचण इतकीच, की पाकीट तोवर गॅरेजच्या कचऱ्यात गेलेले असते. सुट्या भागांवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, हेही बिल वाचताना ध्यानात ठेवावे लागते. इंजिन ऑइलचे तसेच. इंजिनात ते किती लिटर मावते, किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडून राहते आणि इंजिन फ्लशिंग, अंडरबॉडी कोटिंग अशी पुस्तिकेत कुठेही नसलेली कामे बिलात चढत जातात. ही कामे सुचविणाऱ्या सल्लागाराला अनेक ठिकाणी विक्रीचे उद्दिष्टही दिलेले असते.

अधिकृत केंद्राला कंटाळून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जाणाऱ्यांची सुटका होते, असेही नाही. मजुरी तेथे निश्चित कमी. पण नाना पेठेतून किंवा कुर्ल्यातून आणलेला भाग अस्सल की नकली, हे मेकॅनिकच्या शब्दावर मानावे लागते आणि दुकानदाराशी त्याचा काय हिशेब आहे, हे मालकाला कधी कळत नाही. शिवाय कर वाचतो म्हणून कच्ची पावती मालकालाच हवी असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मात्र ते मागायचेच नाही असे ठरविणाऱ्यापुढे कायदा तरी काय करणार?

तक्रारीची वाट तशी खुली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. परंतु तेथे पुरावा लागतो, आणि तो गाडी सोपवतानाच तयार व्हावा लागतो. जॉब कार्डवर प्रत्येक कामाची लेखी किंमत, 'विचारल्याखेरीज जादा काम करू नये' ही ओळ आणि बदललेले जुने भाग परत देण्याची अट, एवढे लिहून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. दुपारच्या दूरध्वनीवर 'झिजलेल्या पॅडचे छायाचित्र पाठवा' एवढेच म्हटले, तरी काही कामे आपोआप पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलली जातात.