टोलचा रस्ता आणि टोलशिवायचा रस्ता

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मराठवाड्यात तो जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोनच जिल्ह्यांतून गेला. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला त्याचा थेट उपयोग नाही. म्हणूनच २०२१ मध्ये तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री अशोक चव्हाण यांनी जालना-नांदेड जोडमार्ग पुढे आणला, तेव्हा या भागाने त्याचे मनापासून स्वागत केले. हा रस्ता व्हायलाच हवा, असे आमचे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

सुमारे १७९ किलोमीटरच्या या मार्गावर ठरावीक इंटरचेंजवरूनच चढता येईल, टोल द्यावा लागेल आणि समृद्धीप्रमाणेच दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना तिथे प्रवेश नसेल. त्याच्या मागोमाग नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आहे. २०२५ च्या आखणीनुसार सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यांत मराठवाड्यातले सहा. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन व पूर्वतयारीसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मंजुरी दिली. कल्याण-लातूर ‘जनकल्याण’ द्रुतगती महामार्गाचीही घोषणा झालेली आहे. यातले निम्मे जरी प्रत्यक्षात आले तरी नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या प्रवासाच्या दोन वाटा होतील. एक पैसे देऊन वेगाने जाण्याची, दुसरी आजचीच. दोन वाटांमध्ये न्याय कसा राखायचा, दुसरीची देखभाल कोण आणि कशातून करणार, पहिलीचा करार तिच्या आड येणार का, याबद्दल सरकारने अजून एकही गोष्ट जनतेसमोर स्पष्टपणे मांडलेली नाही. कामाची गती, निविदा, टप्पे यांवर पत्रकार परिषदा होतात. या प्रश्नांवर होत नाहीत.

आज नांदेडहून लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरतो. लातूर फाटा, विष्णुपुरी, लोहा, माळाकोळी, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड. तुळजापूर-औसा, औसा-चाकूर, चाकूर-लोहा, लोहा-वारंगा अशा तुकड्यांनी हा रस्ता चौपदरी करण्यात आला. त्यावर कोण असते ते एकदा नीट पाहावे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका असतात. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात जाणारी मुले असतात. ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहिलेल्या मुलांना डबा आणि गाद्या पोचवायला निघालेले आईबाप असतात. हंगामात लातूरच्या आडत बाजाराकडे निघालेले सोयाबीनचे टेंपो-पिकअप असतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला येणारी माणसे, घोडे, उंट, गाढवे असतात. आणि कारखान्यांची धुराडी पेटली की तीन-चार महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, ज्यांच्या मागे कित्येकदा साधा रिफ्लेक्टरही नसतो. त्याच पट्ट्यात रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरधाव येतात.

रस्ता चौपदरी झाला म्हणून हे वेग एकमेकांपासून वेगळे झाले नाहीत. दुभाजक फोडून केलेली वाट, गावाजवळ उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, कडेला उभा बंद पडलेला ट्रक या रस्त्यावर रोजच दिसतात. म्हणून वेगवान वाहतूक वेगळ्या रस्त्यावर नेण्याला आमचा पाठिंबा आहे. हा श्रीमंतांच्या सोयीचा प्रश्न आहे असे समजणाऱ्यांनी ऊसतोडीच्या हंगामात रात्री दहानंतर लोहा ते अहमदपूर जाऊन यावे.

पण वेगळा रस्ता फुकट मिळत नाही. समृद्धीवर एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. तोच दर लावला तर नांदेड ते जालना एका बाजूने ३७० रुपयांच्या आसपास होतात. केंद्राने १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी सुरुवातीला तीन हजार रुपयांना आणलेला वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. राज्याच्या समृद्धीवर तो चालत नाही आणि तिच्या जोडमार्गावर चालेल असे धरून चालता येत नाही. ज्याला मुंबईचे विमान गाठायचे आहे, ज्याची हळद किंवा केळी वेळेत बाजारात पोचायला हवी, तो हे पैसे देईल आणि त्याला ते परवडतीलही. घरात लग्न निघाले म्हणून जीप भाड्याने करून सेलूला निघालेले कुटुंब देणार नाही. त्याने देऊ नये. मात्र त्याचा रस्ता आजच्यापेक्षा वाईट होता कामा नये. ही अट पाळली तर टोल हा वेळेचा मोबदला ठरतो, नाही तर ती सक्ती होते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये राज्यमार्ग ९१ च्या मध्यभागी सुमारे सोळा किलोमीटरच्या टोलच्या मार्गिका एका खासगी कंपनीने डिसेंबर १९९५ मध्ये सुरू केल्या. गर्दीच्या वेळी जास्त टोल, मोकळ्या वेळी कमी, नाक्यावर थांबायचे नाही. जगात त्याचे कौतुक झाले. शेजारच्या मोफत मार्गिका तुंबलेल्याच होत्या, आणि त्या रुंद करायला सरकार निघाले तेव्हा लोकांना कळले की करारात एक कलम आहे: या पट्ट्यात सरकारने टोलच्या धंद्याला स्पर्धा होईल असे काम करायचे नाही. म्हणजे मोफत रस्ता जितका कोंडलेला तितकी कंपनीची कमाई जास्त. लोक खवळले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २००३ मध्ये ऑरेंज परगण्याच्या वाहतूक प्राधिकरणाला त्या मार्गिका २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन विकत घ्याव्या लागल्या. त्यानंतरच मोफत मार्गिकांचे रुंदीकरण मोकळे झाले. टोलच्या मार्गिका आजही चालू आहेत. दर कधी आणि कोणत्या वाहनसंख्येला वाढवायचा याचा नियम तिथे आधीच जाहीर असतो आणि तीन किंवा जास्त माणसे असलेल्या गाडीला सवलत मिळते. लोकांचा राग टोलवर नव्हताच. लपवलेल्या कलमावर होता.

आपल्याकडचा दाखला जवळचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २००४ मध्ये राज्याने द्रुतगती मार्ग आणि त्याच्या शेजारचा जुना राष्ट्रीय महामार्ग ४ या दोन्हींची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन एकाच कंपनीकडे सोपवली. ज्याला नवा रस्ता नको होता त्यालाही जुन्यावर टोल भरावा लागला. निवड करायला जागाच उरली नाही. मुदत संपली तरी टोल संपला नाही. कोल्हापुरात तर शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला गेला. लोकांनी काही वर्षे आंदोलन चालवले, शेवटी सरकारला टोल रद्द करून कंत्राटदाराचे पैसे तिजोरीतून भरावे लागले. त्याच काळात, १ जून २०१५ पासून, राज्याने १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी बसना सूट दिली. करार आधी लोकांपुढे न ठेवल्याची किंमत प्रत्येक वेळी नंतर करदात्याने दिली आहे. नांदेड-लातूरच्या वाट्याला तीच पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे आत्ताच बोलणे भाग आहे.

जमिनीच्या मोबदल्याच्या प्रश्नावर तर सरकारने स्वतःहून अविश्वास ओढवून घेतला. समृद्धीसाठी जमीन देणाऱ्याला थेट खरेदीत बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत रक्कम मिळाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला ग्रामीण भागासाठीचा गुणक दोन धरला की मोबदला चौपट होतो, संमतीने दिल्यास त्यावर आणखी पंचवीस टक्के. २०२१ मध्ये राज्याने महामार्गांसाठी तो गुणक एकावर आणला. म्हणजे चौपट मोबदला दुपटीवर आला. एकाच जालना जिल्ह्यात समृद्धीत गेलेल्या शेताला एक भाव आणि तिच्या जोडमार्गात जाणाऱ्या शेताला दुसरा, हे कोणता शेतकरी मान्य करील? समृद्धीइतकाच मोबदला द्या, ही मागणी त्यांनी लावून धरली, ती न्याय्य होती. शक्तिपीठाला अर्धापूरच्या परिसरात जो विरोध झाला त्यामागेही हेच आहे. इसापूरच्या कालव्यावर उभी केलेली केळीची बाग ही नुसती जमीन नसते. पाण्याची पाळी, विहीर, पाइपलाइन आणि वीस वर्षांची मेहनत त्यात असते. कोल्हापुरातल्या विरोधापुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्या जिल्ह्यापुरते भूसंपादन मागे घेतले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा आवाज मुंबईत तितका पोचत नाही, म्हणून त्याची जमीन कमी मोलाची ठरत नाही.

शक्तिपीठाबद्दल आमचे मत इथेच नोंदवतो. माहूर, औंढा नागनाथ, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर ही ठाणी जोडावीत, नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकांची सोय व्हावी, याला कोणाचाच विरोध नसेल. पण ८० हजार कोटींच्या वर खर्चाचा रस्ता काढण्याआधी लातूर-टेंभुर्णी रस्त्याचे काय, याचे उत्तर द्या. मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी मार्गे टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्ग गाठणारा हा रस्ता म्हणजे लातूरची पुण्याकडची मुख्य वाट. मुले, रुग्ण, व्यापारी, रात्रीच्या ट्रॅव्हल्स सगळे तिथूनच जातात. त्याच्या चौपदरीकरणाची मागणी करून लातूरकर थकले. गर्दी जिथे आहे तिथे आधी रस्ता, हा नियोजनाचा पहिला धडा असताना आपल्याकडे गर्दी कुठे होईल याचे अंदाज बांधून रस्ते आखले जात आहेत.

आणि गर्दी बहुतेक कुठे असते? शहराच्या तोंडाशी. जालन्याहून नांदेड तासाभराने जवळ आले तरी पुढे गोदावरीच्या पुलावर आणि लातूर फाट्यावर अडकणाऱ्याचा वेळ वाचत नाही. लातुरात राजीव गांधी चौक आणि पीव्हीआर चौकात सकाळी क्लासच्या वेळी उभे राहिले की हेच दिसते. जोडमार्गाच्या शेवटच्या पाच-दहा किलोमीटरचा आराखडा, वळणरस्ता, पूल, मालवाहू गाड्यांसाठी थांबण्याची जागा हे मुख्य रस्त्याबरोबर एकाच वेळी व्हायला हवे. ते नंतर महापालिकेवर सोडले तर कधीच होणार नाही, कारण दोन्ही महापालिकांकडे तेवढा पैसा नाही.

बांधकामातल्या काही गोष्टी कागदावर किरकोळ दिसतात, पण गावाचे आयुष्य त्यांच्यावर ठरते. भराव घालून उंच नेलेला रस्ता शिवार कापून जातो. खालचा बोगदा उसाची भरलेली ट्रॉली, हार्वेस्टर, मळणीयंत्र जाईल एवढा उंच-रुंद नसेल तर पलीकडच्या शेतात जायला शेतकऱ्याला दोन-तीन कोसांचा वळसा पडतो. काळ्या मातीच्या शिवारात पाण्याचा निचरा भरावाने अडला की शेजारच्या रानात सोयाबीन उभे पिवळे पडते. हे सगळे रस्ता झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. नकाशा हातात असताना गावकऱ्यांना घेऊन शिवारात फिरले तरच होते, आणि त्यासाठी तलाठी व सरपंचांपुरती बैठक पुरत नाही.

एसटीचा प्रश्न राहतो. पन्नास माणसे घेऊन जाणारी लाल गाडी या नव्या रस्त्यावर टोलमुक्त असावी. २०१५ ची सवलत हा त्याचा राज्यातलाच पायंडा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो. तो वेगवान रस्त्यावरूनही मिळाला तरच परभणीची नर्स किंवा पूर्णेची विद्यार्थिनी या हजारो कोटींच्या रस्त्यावर कधी पाऊल ठेवील. इंटरचेंजशेजारी बसथांबा आणि तिथून गावापर्यंतचा पक्का रस्ता हाही प्रकल्पाचाच खर्च धरावा.

राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आमची मागणी अशी आहे. जालना-नांदेड मार्गाचा वाहतुकीचा अंदाज, इंटरचेंज, भुयारी मार्ग आणि त्यांची मापे मराठीत छापून प्रत्येक बाधित गावाच्या ग्रामपंचायतीत लावावीत. टोलचा दर, तो वाढवण्याचा नियम आणि वसुलीची मुदत टोल सुरू होण्याआधी जाहीर करावी, त्यानंतर दर महिन्याला किती गाड्या गेल्या आणि किती पैसे जमले ते प्रसिद्ध करावे. शेजारच्या जुन्या रस्त्यांचे रुंदीकरण किंवा दुरुस्ती रोखणारे कोणतेही कलम कोणत्याही करारात नाही, असे मंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे. आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ३६१ वर ऊस हंगाम सुरू होण्याआधी फुटलेले दुभाजक बुजवावेत, गावांजवळ सेवा रस्ते जोडावेत आणि कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली फाटकाबाहेर सोडू नये याची दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी ताकीद द्यावी.