गुप्त मार्ग आणि उघडी जबाबदारी

पत्र पाकिटात घालणारा मनुष्य काही चोर नसतो. आपल्या घरातील सुखदुःख वाटेतील कोणी वाचू नये, एवढीच त्याची इच्छा असते. कागदी पत्राच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांना मान्य आहे. परंतु संगणकावरून कागदपत्रे पाठविताना कोणी तीच काळजी घेतली, तर वडीलधारी मंडळी संशयाने पाहतात. उलटपक्षी, नाव लपले म्हणजे वाटेल ते करण्यास मोकळीक मिळाली, असे काही विद्यार्थ्यांना वाटते. आमच्या मते ह्या दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न दूरचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण अलीकडे राहिले. सोयरेसंबंध मात्र तुटले नाहीत. निजामाच्या अमदानीतील जमिनीचे कागद उर्दूत, काही घरांतील जुनी दप्तरे मोडीत; ती वाचून घेण्यासाठी सोलापूर-पुण्याच्या जाणकारांकडे पाठवावी लागतात. वाटणीपत्रे, आजाराचे अहवाल, मुलींची छायाचित्रे, सारे आता मोबाईलवरूनच जाते. अनेक संदेशसेवांत मजकूर कुलूपबंद असतो हे खरे; तथापि कोणी, कोणास, केव्हा पाठविले, ही नोंद मधल्या कंपनीजवळ राहू शकते.

ही नोंददेखील कोणाजवळ राहू नये, म्हणून अनामिक जाळी निर्माण झाली. त्यांतील 'टॉर' हे सर्वांत प्रसिद्ध. त्याची मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत १९९० नंतरच्या दशकात निघाली. ह्या जाळ्यात संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी अनेक आवरणे घालतात व तो स्वयंसेवकांच्या निरनिराळ्या संगणकांवरून पुढे जातो. प्रत्येक टप्प्याला फक्त मागचा व पुढचा शेजारी ठाऊक. आरंभ आणि शेवट दोन्ही एकाच टप्प्याला कळत नाहीत. 'ओनियनशेअर' ह्या साधनाने ह्याच मार्गावरून एका संगणकातील कागद थेट दुसऱ्यास देता येतो. मध्ये कोणाचे कोठार लागत नाही. मात्र कागद पोहोचेपर्यंत देणाऱ्याचा संगणक चालू असावा लागतो आणि संकेतस्थळाचा पत्ता घेणाऱ्यास विश्वासाच्या मार्गाने कळवावा लागतो. मोठमोठ्या चित्रफितींची 'बिटटॉरंट' पद्धतीची देवघेव टॉरवरून करू नये, असे त्याचे चालकच सांगतात. कारण त्यामुळे जाळ्यावर भार पडतो आणि पाठविणाऱ्याचा पत्ताही फुटू शकतो. त्या कामासाठी 'आय-टू-पी' हे निराळे जाळे आहे.

बीदरजवळील नौबादची कारेझ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. बहामनी काळातील त्या भूमिगत कालव्याचे पाणी वरून दिसत नाही. परंतु जमिनीवरील विहिरींच्या तोंडांची ओळ पाहून प्रवाहाची दिशा ओळखता येते. तद्वत अनामिक जाळ्यांतही दोन्ही टोकांवर नजर ठेवणारा बलाढ्य निरीक्षक वेळा जुळवून अंदाज बांधू शकतो. संपूर्ण अदृश्यता कोणतेही यंत्र देत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग हा मार्ग वापरणे योग्य की अयोग्य? आमचे उत्तर स्पष्ट आहे: खाजगीपण हा नागरिकाचा हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने तो मूलभूत हक्क ठरविला. तेव्हा आपल्या घरचे कागद झाकून पाठविणाऱ्याने कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

परंतु हक्क आपल्या वस्तूचा असतो. दुसऱ्याच्या वस्तूचा नव्हे. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. म्हणून 'श्यामची आई' आज कोणीही उघडपणे वाटावी, त्यासाठी गुप्त मार्गाची गरजच नाही. हयात लेखकाचे पुस्तक मात्र गुप्त मार्गाने वाटले तरी त्याची मिळकत बुडते ती बुडतेच. त्याहून दारुण गोष्ट छायाचित्रांची. वर्गभगिनीचे चित्र तिच्या संमतीवाचून एकदा अशा जाळ्यात सोडले, की ते कोठून परत आणावयाचे, कोणास विनवावयाचे, हे तिच्या आईबापांना कळत नाही. जो अंधार दुर्बलाला आसरा देतो, तोच येथे अन्याय करणाऱ्याला पाठीशी घालतो.

बीदरला महमूद गवानचा मदरसा उभा आहे. त्या कर्तबगार वजिराच्या शिक्क्याचा कोऱ्या कागदावर दगलबाजीने ठसा घेऊन शत्रूंनी त्यावर राजद्रोहाचे पत्र लिहिले आणि १४८१ साली सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. लिहिणारे पडद्याआड राहिले. प्राण निरपराध्याचा गेला. निनावी आलेला कागद खरा मानण्यापूर्वी शंभरदा पारखावा आणि कोणाचे नुकसान होईल असा कागद निनावी होऊन कधीच पाठवू नये, हा धडा आपल्याच मातीत लिहिलेला आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या संगणकावर टॉर दिसताच त्याला गुन्हेगार समजू नये; तो त्यावरून काय पाठवितो, हे त्याच्याजवळ बसून विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, खाली आपले नाव घालावे लागले असते तरी हे आपण पाठविले असते काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. उत्तर 'होय' असेल, तर पाकीट खुशाल बंद करा.