विकतची माया पुरे झाली

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, हल्ली वेळ कुणाला आहे?" गोठा विकतचा का, असे विचारले तरी हेच उत्तर. तारा प्लास्टिकचा का, तरी हेच. मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या तीस मुलांच्या हातांत एकाच कारखान्यातले तीस डबे का ठेवले, तरी हेच. या उत्तरामागील कष्ट आम्ही नाकारीत नाही. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणारे आईबाप, पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिका, भाजीफुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईचा बाजार गाठणाऱ्या माता आम्ही रोज पाहतो. त्यांना आळशी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही ही सबब एकदा तपासून पाहिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण तिच्या आडून आपल्या मुलांच्या मनांत एक भलतीच शिकवण रुजत आहे : माया दुकानात मिळते आणि तिची किंमत वेष्टनावर छापलेली असते.

ही सबब आजची नव्हे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका उद्योगी गृहस्थाला नाताळात मित्रमंडळींना पत्रे लिहायला सवड होईना. त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या प्रती छापल्या. विक्रीसाठी छापलेले नाताळचे पहिले शुभेच्छापत्र ते हेच. कोलसाहेबांनी निदान कार्डावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लिहायला जागा तरी ठेवली होती. आज तेवढीही तसदी उरलेली नाही. कुणीतरी कुठेतरी बनवलेले चित्र अंगठ्याच्या एका दाबाने दोनशे जणांना रवाना होते, आणि त्या दोनशेंतील प्रत्येकाला ठाऊक असते की पाठवणाऱ्याने आपली क्षणभरही आठवण काढलेली नाही. वेळ वाचला खरा; पण ज्यासाठी तो खर्चायचा होता, तेच हातचे गेले.

याच्या शेजारी पवित्र शास्त्रातील हन्ना उभी करून पाहा. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात तिच्याविषयी एक छोटीशी नोंद आहे. नवसाने झालेला मुलगा तिने शिलो येथे परमेश्वराच्या सेवेला वाहिला. वर्षातून एकदा यज्ञासाठी जाताना ती त्याची भेट घेई आणि प्रत्येक वेळी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई. हन्ना रिकामटेकडी नव्हती. त्यानंतर तिला तीन मुलगे आणि दोन मुली झाल्याचे शास्त्रच सांगते. पाच लेकरांच्या घरात झगा कसा शिवला जात असेल, हे आमच्या मातांना वेगळे सांगायला नको. आणि जो मुलगा वर्षभर नजरेस पडला नाही, त्याचे माप तिने कसे घेतले असेल? तो खांद्याला किती रुंदावला असेल, उंचीला किती वाढला असेल, याचा विचार तिने टाक्याटाक्याला केलाच असणार. त्या झग्याचे मोल या विचारात होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातही यापो येथील दुर्कस मरण पावते तेव्हा विधवा स्त्रिया रडत रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात. तिने किती दानधर्म केला याचा हिशेब त्या मांडीत नाहीत; तिच्या हातचे काम तेवढे पुढे करतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : घरी केलेले हलके दिसते, लोक काय म्हणतील? त्यांना आम्ही ग्रेचोला नेऊ इच्छितो. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिसने तेथे नाताळ साजरा केला, तेव्हा गोठ्यात एकही मूर्ती नव्हती. गव्हाण होती, गवत होते, बैल आणि गाढव होते, आणि मशाली घेऊन आलेली गावची गरीब माणसे होती. सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्याने एका मित्राला तयारी करायला सांगितले. साहित्य मिळाले ते त्याच गावातले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचोत जाऊन गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली. घरोघरी आईवडील आणि आजीआजोबांकडून मुले गोठा करायला शिकतात, ही परंपरा जपली जावी, अशी कळकळ त्या पत्रात आहे. आणि आमच्याकडे? गोठ्यांच्या स्पर्धा लागतात, थोरली माणसे रात्री जागून डोंगर उभारतात, विजेवर पाणी खेळवतात, आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्या पोराला दटावतात : "हात लावू नकोस, मोडशील!" सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, तरी काही ठिकाणी तो मागच्या दाराने गोठ्यात येतोच. ज्या गोठ्याला मुलाने हात लावायचा नाही, तो गोठा कोणाचा?

दुसरा आक्षेप असा, की आम्हांला जमत नाही. वाचकहो, जे जमत नाही ते करा, असे आमचे म्हणणे नाही. सोपे तेच करा. एक ताराच घ्या. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधायचे, ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या पाच काड्या आडव्या सारायच्या, की तारा आपोआप फुगतो. मग पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. दिवा सोडण्यासाठी एक पाकळी मोकळी ठेवायची. एका संध्याकाळी बांधणे, दुसऱ्या संध्याकाळी चिकटवणे, तिसऱ्या संध्याकाळी टांगणे, एवढाच हा संसार. कागद सुरकुतला तर सुरकुतू द्यावा. दिवा लागल्यावर सुरकुती कोण पाहतो?

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे गोठ्यातील हिरवळ. मूठभर नाचणी रात्रभर भिजवून नाताळाच्या दहाएक दिवस आधी पसरट थाळीतल्या मातीवर टाकावी आणि रोज सकाळी मुलाने तिच्यावर हाताने पाणी शिंपडावे. आईचा वेळ जातो तो पहिल्या दिवशीचा, पुढे मुलगा आणि माती पाहून घेतात. वसईपासून गोव्यापर्यंत कुलकुल ठाऊक नाहीत असे ख्रिस्ती घर विरळा. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवण्याच्या कामाला लहान बोटांसारखी बोटे नाहीत, आणि त्यांतील वेडेवाकडे कुलकुल शेजारच्या हिंदू-मुसलमान घरी झाकल्या ताटातून गेले तर त्यांची चव बिघडत नाही. मागच्या वर्षीच्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून शुभेच्छापत्रे होतात. सुती दोरीला दहा गाठी मारून टोकाला क्रूस बांधला की जपमाळेचे एक दशक तयार होते. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर हे काम गाडीतही होते, आणि ज्या धर्मपुत्रासाठी किंवा आजारी आजीसाठी ते करायचे त्याच्या नावाने प्रत्येक गाठीला एक 'नमो मरिया' म्हणता येते. अशी भेट बाजारात मागून पाहा.

ज्यांना अजूनही सवडीची अडचण वाटते त्यांनी योहान हिनरिख विखर्न आठवावेत. पंथाने ते लुथरन. हॅम्बुर्गमध्ये गोरगरीब मुलांच्या वसतिगृहाचा भार त्यांच्यावर होता. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. आज आपण वेदीजवळ जे आगमनचक्र पेटवतो, त्याचा उगम इथे आहे.

एक नवा जुलूमही आम्हांला दिसतो आणि त्याचाही आम्ही निषेध करतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात फुले, पऱ्या नि राजवाडे घडवून दाखवणाऱ्या चित्रफिती पाहून दमलेली आई स्वतःला कमी लेखू लागते. 'स्वतः करा' असे छापलेल्या महागड्या पेट्या मग घरात येतात. त्यांत सारे आधीच कापून ठेवलेले असते, मुलाने फक्त चिकटवायचे. शाळेच्या प्रकल्पाची गत याहून वाईट : रात्री बारा वाजता आई तो पुरा करते आणि सकाळी मुलगा आपल्या नावाने देतो. खोटे बोलण्याचा हा पहिला धडा आपण घरातच गिरवून घेतो. आणि हे सारे आईनेच का करायचे? ८ डिसेंबर २०२० ते ८ डिसेंबर २०२१ हे संत योसेफाचे वर्ष आपण पाळले, प्रार्थना म्हटल्या, प्रतिमांना हार घातले. नासरेथच्या त्या सुताराचे नाव घेणाऱ्या किती बापांनी त्या वर्षी मुलाला शेजारी बसवून एक खिळा ठोकायला शिकवला?

या साऱ्यात खरे काय पणाला लागले आहे, ते आता सांगतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, वाढदिवसाला, नाताळाला जी देवघेव चालते तिची पायरी दरवर्षी चढत आहे. प्रत्येक धर्मग्रामात असे एखादे घर असते, ज्याला ही पायरी चढता येत नाही. त्या घरातले मूल बोलावणे आले की तापाचे कारण सांगते. कुणी त्याला हाकललेले नसते; आपल्या भेटींच्या किमतीने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलेले असते. एकाच वेदीवरील भाकर खाणारी मुले डब्यांच्या दर्जावरून वेगळी बसू लागली, तर ख्रिस्तसभेची साक्ष आपण कोणत्या तोंडाने देणार? जिथे हातची भेट देणे ही रीत आहे, तिथे कारकुनाचा मुलगा आणि व्यापाऱ्याचा मुलगा एकाच खळीने बोटे चिकट करून घेतात.

विकत घेणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. वह्या, चपला, औषधे बाजारातूनच यायची. बचतगटातील बहिणीने शिवलेली पिशवी घेतली तर ते सत्कृत्यच. आमचे भांडण आहे ते आपल्या गैरहजेरीचे बिल दुकानात चुकते करण्याशी.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. आगमनकाळाला चार आठवडे असतात. प्रत्येक घराने आठवड्यातली एक संध्याकाळ, अवघा अर्धा तास, फोन बाजूला ठेवून मुलांबरोबर हाताने काही करावे. धर्मग्रामांनी मुलांच्या गोठा-स्पर्धेच्या नियमांत एकच अट घालावी : गोठा कसा केला, हे मुलाने स्वतः परीक्षकांना सांगावे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील पालकांनी एकत्र बसून ठरवावे, की परतभेट द्यायचीच असेल तर ती घरी केलेली असेल. यात एकाही कुटुंबाला कर्ज काढावे लागणार नाही. आणि पुढच्या वर्षी हन्नाप्रमाणे तुमच्या हातांनी मुलासाठी काही करायला घ्याल, तेव्हा त्याचे माप तुम्हांला कुणाला विचारावे लागणार नाही.